स्वयंपाकघराची कपाटं आणि जमीन : बांबू, प्लाय, कडप्पा की आणखी काही? अनुभव लिहा

ठाणेकर सूनबाई
दिवाळीनंतर स्वयंपाकघराचं काम काढायचंय. मला बांबूची कपाटं हवीत, नवऱ्याला प्लाय, सासूबाई म्हणतात कडप्पा टाका आणि मोकळे व्हा. इंटिरियरवाला एचडीएचएमआरखेरीज (लाकडाच्या तंतूंचा, ओल कमी पिणारा दाबीव बोर्ड) दुसरं बोलत नाही. हॉलमध्ये बांबूचं फ्लोअरिंग टाकावं असंही मनात आहे. माहितीपत्रकं भरपूर गोळा झालीत, ती नकोत. ज्यांच्या घरात दोन-चार पावसाळे होऊन गेलेत त्यांनी लिहा: काय लावलंत, कुठे फुगलं, कुठे टिकलं?

माणगावाला (कुडाळ)
बांबू म्हटल्यावर गप्प बसवत नाही. आमच्या सिंधुदुर्गात माणगा होतो: जवळजवळ भरीव, सरळ, काटे नाहीत. आजोबा कोवळी काठी तोडू द्यायचे नाहीत. तीन पावसाळे पाहिलेली काठी, तीही पाऊस सरल्यावर. "पावसात तोडलेलो बांबू भुंगो खाता," म्हणायचे. त्यात तथ्य आहे. बांबूत साठलेल्या पिष्टावर भुंगेरा जगतो, आणि एकदा लागला की कपाटाखाली रोज पिठाची रांगोळी. म्हणून आता बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवतात. विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा. विक्रेता गडबडला तर दुसरं दुकान.

माझ्याकडे कपाटांचे सांगाडे प्लायचे आणि फक्त दारं बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या फळ्यांची आहेत. पहिल्याच जुलैत दारांच्या आतल्या बाजूला काळे ठिपके आले आणि दोन दारं किंचित वाकली. ज्याने काम केलं त्याने पॉलिश बाहेरूनच मारलं होतं. उघडी बाजू ओल पिते, बंद बाजू पीत नाही, मग फळी वाकणारच. उतरवून, घासून, दोन्ही बाजू आणि चारही कडा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशने बंद केल्या, तेव्हापासून ठीक. दिसतात मात्र देखणी, सागाला मागे टाकतील. (आमच्या सागवाल्या काकांना हे वाचायला देऊ नका.)

खाडीपलीकडची (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)
आमच्याकडे जमीन बांबूची आहे, म्हणून त्याबद्दलच लिहिते. "बांबू फ्लोअरिंग" या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एकात पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या असतात, गाठी दिसतात. दुसरं स्ट्रँड वोव्हन : बांबूचे तंतू काढून गोंदासकट प्रचंड दाबाखाली दाबलेले. कठीणपणा मोजायच्या जांका मापावर इथला रेड ओक १२९० च्या आसपास येतो, स्ट्रँड वोव्हन सहज त्याच्या दुपटीवर. पट्ट्यांचं तसं नाही, आणि त्यातला गडद तपकिरी तर आणखी मऊ, कारण तो रंग देताना बांबू वाफेवर शिजवतात. मैत्रिणीने रंगावर भाळून तो घेतला. जेवणाच्या खुर्च्यांखाली आता जमिनीवर नकाशा उमटलाय.

गोंदामुळे फॉर्मल्डिहाइड या घातक वायूचा प्रश्न येतो. इथे कार्ब फेज २ चा, म्हणजे तो वायू किती सुटावा याच्या कॅलिफोर्नियाच्या मर्यादेचा, शिक्का बघून घेतात. तिकडे ई० किंवा ई१ (वायू कमी सुटणाऱ्या मालाच्या श्रेणी) लिहिलेलं मागा. बोर्डाची कपाटं घेतानाही मागा.

आणि पाणी. आमचं डिशवॉशर गळलं, आम्ही सुट्टीवर. परत येतो तो त्याच्यासमोरच्या फळ्यांच्या कडा वर आलेल्या. स्ट्रँड वोव्हन कितीही टणक असलं तरी साचलेल्या पाण्यापुढे इलाज नाही. स्वयंपाकघरात आता टाइल, बाकी घरात बांबू.

रंधा (पुणे)
घरात दोन पिढ्यांचं सुतारकाम, त्यामुळे जरा स्पष्ट लिहितो. लोक शटरच्या रंगावर महिनाभर चर्चा करतात, सिंकखालच्या कपाटावर पाच मिनिटंही नाही. सडतं नेमकं तेच. 'वॉटरप्रूफ' शब्दावर जाऊ नका, शीटवर छापलेला आयएस (भारतीय मानक) क्रमांक वाचा. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१०. आयएस ३०३ मध्ये एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे प्रकार असतात, आणि एमआर ओल्या जागेसाठी नाहीच.

एचडीएचएमआर वाईट नाही. सपाट असतं, ॲक्रिलिक किंवा पीयूची दारं त्यावर सुरेख होतात, स्क्रू पार्टिकल बोर्डापेक्षा बरा धरतो. पण बिजागरीची भोकं, पाइपसाठी कापलेली खाच, खालची कड, हे उघडं राहिलं की पाणी तिथूनच शिरतं. एज बँडिंग, म्हणजे कडांवर पट्टी चिकटवणं, मशीनवर करून घ्या, जागेवर फेविकॉलने चिकटवलेली पट्टी सुटते.

आपल्याकडे ओटा आणि जमीन पाण्याने धुतात, हे इंटिरियरवाल्याला निक्षून सांगा. कपाटं जमिनीला टेकवू नका. चार इंची पीव्हीसी पाय, पुढे काढता येणारी पट्टी. आत हात घालून पुसता येतं आणि वाळवी चढायला लागली तर दिसते.

लातूरची
सासूबाईंच्या बाजूने मी! कडप्प्याचे खण, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून तेच आहे, ना फुगलं ना वाळवी. तोटे : खण जाड, जागा खातात, सांध्यात झुरळं. आणि कडप्पा चुन्याचाच दगड, लिंबू-चिंच सांडली की पांढरा डाग बसतो. शहाबादी फरशीचंही तेच. म्हणून ओट्यावर ग्रॅनाइट घाला.

तांबडी माती (म्हापसा)
जुन्या घरात लाल कोबा आहे. मे महिन्यात अनवाणी चालायला याहून चांगली जमीन नाही. फक्त तडा गेला की ठिगळाचा रंग जुळत नाही.

ठाणेकर सूनबाई
हॉलमध्ये बांबू टाकला तर रोज ओल्या फडक्याने पुसायचं नाही का? आमच्या मावशी बादलीभर पाणी घेतल्याशिवाय पुसतच नाहीत.

खाडीपलीकडची (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)
घट्ट पिळलेलं फडकं चालेल, बादली नाही. तळमजला असेल तर आधी स्लॅबची ओल मोजून घ्या. भिंतीलगत सगळीकडे बोटाच्या जाडीएवढी फट सोडायला लावा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. आणि फळ्यांचे खोके आणून काही दिवस त्याच खोलीत पडू द्या, मग बसवा.

रंधा (पुणे)
मावशी बदलणार नसतील तर हॉलला व्हिट्रिफाइड टाइल. बांबूची हौस वरच्या कपाटांच्या दारांवर भागवा, तिथे पाणी पोचत नाही. सिंकखाली ३०४ स्टीलचा डबा किंवा कडप्पा, बाकी सांगाडे आयएस ७१० मध्ये. कोटेशनमध्ये प्रत्येक कपाटासमोर कुठला बोर्ड ते लिहून घ्या, नुसतं 'प्लाय' लिहिलेलं मान्य करू नका.