आजीच्या आघाताची खूण नातवंडांत: वर्गात शिकवायची की नाही?

गोधडी:
एम.ए. मानवशास्त्राच्या मुलांना यंदा एपिजेनेटिक्स, म्हणजे जनुकं तीच राहून त्यांचं काम कमीजास्त कसं होतं याचं शास्त्र, शिकवतेय, आणि सुरुवात हमापासून करणार आहे. सीरियातल्या या शहरात १९८२ साली कत्तल झाली. राना दजानी, कॅथरीन पँटर-ब्रिक आणि कॉनी मलिगन यांनी सीरियन कुटुंबांच्या तीन पिढ्या तपासल्या: ४८ कुटुंबं, १३१ माणसं, गालाच्या आतून घेतलेले नमुने. निकाल २०२५ मध्ये छापून आला. आजी गरोदरपणी हिंसेत सापडली, त्या घरांतल्या नातवंडांच्या डीएनएवर १४ जागी मिथिलेशन, म्हणजे डीएनएवर चिकटणाऱ्या रासायनिक खुणा, वेगळं दिसलं. डीएनएची अक्षरं तीच, वरच्या खुणा बदललेल्या. समाज शरीरात उतरतो हे आपण कायम म्हणत आलो. इथे तो पेशीत, वारसा म्हणून दिसतोय. हे शिकवायला मी आणखी दहा वर्षं थांबणार नाही.

पडताळा:
थांबायलाच हवं. माणसं १३१ आणि तपासलेल्या जागा लाखो. दुसऱ्या एखाद्या समूहात त्याच १४ जागा सापडेपर्यंत हा धागा आहे, पुरावा नाही. शिवाय 'वारसा' शब्द चुकीचा. आजीच्या पोटात मुलगी, तिच्या अंडाशयात नातवंडाची अंडपेशी. म्हणजे नातवंडाचा अंश त्या वेळी तिथे हजर होता. वारसा म्हणायचं तर पणतवंडं पाहावी लागतील.

होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या अभ्यासाचं, काय झालं आठवा. रेचल येहुदांच्या २०१६च्या निबंधात त्या संहारातून वाचलेली ३२ माणसं, त्यांची २२ मुलं. तुलनेला फक्त ८ पालक आणि ९ मुलं. ताणाशी संबंधित एफकेबीपी५ जनुकाच्या एकाच जागी पालकांत मिथिलेशन जास्त, मुलांत कमी. तरी 'आघात वारशाने येतो' हे जगभर पसरलं.

चावडी:
मला आकड्यांपेक्षा दुसरीच भीती आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्या पोरांना वर्गात बसून 'तुमच्या पेशीतच बिघाड आहे' असं ऐकायला लागलं तर? जन्मावरून माणसाला मोजण्याची सवय आपल्याकडे आधीच आहे, तिला नवं शास्त्र मिळेल.

आणि हमापर्यंत कशाला जाता? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या आया आणि मुलं पाहिली. बाळं सरासरी २.७ किलोची, पण अंगावर चरबी तुलनेने जास्त. ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला नीट दाद देईना. मिथिलेशनचा कच्चा माल या दोन जीवनसत्त्वांवरच अवलंबून असतो. इथे दोष ताटात आहे, आणि ताट बदलता येतं.

गोधडी:
पुण्याचा तास घालते, तो माझ्याकडून सुटलाच होता. 'वारसा' शब्दही काढते.

पण पडताळा, सगळेच अभ्यास येहुदांसारखे नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या, १९४४-४५ च्या डच उपासमारीत गर्भ राहिलेल्या ६० जणांची तुलना २००८ मध्ये त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली. घर तेच, आईबाप तेच, तरी साठ वर्षांनी वाढीशी संबंधित आयजीएफ२ जनुकावर मिथिलेशन कमी. तुलना कशी रचायची हे मुलांना याहून चांगलं कुठे कळेल?

चावडी, तुमची भीती खरी आहे. म्हणून तर हे वर्गात व्हायला हवं. नाहीतर मुलं ते मोबाईलवर अर्धवट वाचतात. येहुदांचा तक्ता मी आधी देणार, बातमीचा मथळा झाकून. निष्कर्ष त्यांनी लिहायचा, मग मथळा उघडायचा.

पडताळा:
असा तास असेल तर माझी हरकत फक्त क्रमाला. डच आधी घ्या, हमा शेवटी.