१२५८ साली जगात नक्की काय चाललं होतं?

रातकिडा:
काल बगदादच्या पाडावाबद्दल वाचायला घेतलं आणि दोन कधी वाजले कळलंच नाही. २९ जानेवारी १२५८ ला मंगोलांचा वेढा, १० फेब्रुवारीला शहर शरण, म्हणजे धड दोन आठवडेसुद्धा नाहीत आणि पाचशे वर्षांची अब्बासी खिलाफत खल्लास. खलिफा मुस्तासिमला म्हणे गालिच्यात गुंडाळून घोड्यांच्या टापांखाली मारला, का तर राजाचं रक्त जमिनीवर सांडू नये. मग सहज त्याच सालात बाकी कुठे काय होतं बघायला गेलो तर लंडनमध्ये उपासमार, व्हिएतनाममध्ये पण मंगोल, आणि इंडोनेशियातला कुठलातरी ज्वालामुखी. हे सगळं एकमेकांत गुंतलंय का? की मीच ओढूनताणून जोडतोय?

राखरांगोळी:
ज्वालामुखी १२५७ चा बरं का, त्यानं ऊन अडून पिकं बुडतात ते परिणाम १२५८ मध्ये दिसले. गंमत अशी की ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडच्या बर्फात त्या सुमाराचं भरपूर गंधक सापडलेलं, पण फुटला कोण तेच कळेना, केस कित्येक वर्षं तशीच पडून. २०१३ मध्ये आरोपी मिळाला, लोम्बोक बेटावरचा सामालास. त्यात तिथल्या ताडपत्रांवरच्या जुन्या लिखाणाची पण मदत झाली, त्यात पामातान नावाचं अख्खं गाव गाडलं गेल्याची हकिकत आहे. डोंगराचा माथाच गेला, आता तिथे तळं आहे. इकडे इंग्लंडात मॅथ्यू पॅरिस नावाच्या साधूनं १२५८ बद्दल लिहून ठेवलंय, सुजलेली काळीनिळी प्रेतं, पाच-पाच सहा-सहा एकत्र, डुकरांच्या खुराड्यात, उकिरड्यावर, चिखलाच्या रस्त्यात. वाचून जेवण गेलं नाही माझं. त्यामुळे माझ्या मते कनेक्शन आहेच.

शंकासुर:
थांबा जरा. लंडनचं सगळं बिल सामालासच्या नावावर फाडू नका, १२५७ चं पीक तिथे आधीच पावसानं गेलेलं. आणि बगदादचा तर राखेशी काडीचा संबंध नाही, ते घेणारा मंगोल हुलागू १२५३ मध्येच निघालेला, १२५६ मध्ये त्यानं इराणातला आलमूतचा किल्ला घेतला, बगदाद पुढचा नंबर होता एवढंच.

जोडायचंच असेल तर मंगोल जोडा ना. हुलागूचा थोरला भाऊ मोंगके खान, मंगोलांचा सम्राट, त्यानं हुलागूला पश्चिमेकडे पाठवलं, आणि स्वतः १२५८ मध्ये चीनच्या सोंग राज्यावर सिचुआनमध्ये उतरला. व्हिएतनामची स्वारी पण त्याच सोंगांना दक्षिणेकडून गाठायला. मंगोल सेनापती उरियांगखदाई थांग लाँगमध्ये (आजचं हनोई) घुसला तर राजधानी रिकामी, लोक धान्यासकट पसार, जानेवारी संपायच्या आत मार खाऊन परत. म्हणजे बगदादला वेढा पडत होता जवळपास त्याच दिवसांत इकडे मंगोल माघार घेत होते, हे कुणी सांगतच नाही. कोरियात पण त्याच वर्षी चोए घराण्याची साठेक वर्षांची सत्ता खुनानं संपली आणि पुढच्याच वर्षी दरबार मंगोलांपुढे नमला.

आणि इंग्लंडचं वेगळंच प्रकरण. तिसऱ्या हेन्रीला धाकट्या पोरासाठी सिसिलीचं राज्य हवं होतं, त्यापायी पोपला पैसे कबूल करून बसला, सरदार भडकले आणि जूनमध्ये ऑक्सफर्डला पंधरा जणांचं मंडळ त्याच्या डोक्यावर बसवलं. ऑगस्टमध्ये सिसिलीचा कारभार बघणाऱ्या मानफ्रेडनं तिथल्या पालेर्मोत स्वतःलाच राज्याभिषेक करून घेतला. गेली सिसिली!

पानसुपारी:
तुम्ही सगळे मेलेल्यांचंच धरून बसलात. त्याच साली इराणात शिराझमध्ये फारसी कवी शेख सादीनं गुलिस्तान हे पुस्तक पूर्ण केलं, आणि प्रस्तावनेत हिजरी ६५६ सांगताना म्हणतो की तेव्हा आमचे दिवस मजेत चालले होते. मजेत! बगदाद पडलं तेच साल. पण त्याच माणसानं बगदादवर शोककाव्य पण लिहिलंय, त्यामुळे तो बेफिकीर होता असं मी म्हणणार नाही, शिराझ मंगोलांना खंडणी भरून वाचलेलं होतं हे धरायला हवं.

आणि आपल्याकडे देवगिरीला यादव राजा कृष्णाच्या हत्तीदळाचा प्रमुख जल्हण, त्यानं १२५८ मध्येच सूक्तिमुक्तावली नावाचा संस्कृत सुभाषितांचा संग्रह केला. हत्ती सांभाळून श्लोक गोळा करणारा माणूस, मला हे फार आवडतं.

रातकिडा:
शंकासुर, सिसिलीचं माहीतच नव्हतं, भारी. राखेचा नाद सोडला, म्हणजे लंडनपुरता थोडा ठेवतो. जल्हणाबद्दल आज शोधतो, म्हणजे आज परत दोन.