नवोदयची निवड परीक्षा हुशार मूल शोधते, की अर्ज भरणारे पालक?

शिवारपाटी (मूळ मांडणी; पुढे इतरांची उत्तरे, प्रत्येकाच्या टोपणनावाखाली)

ग्रामीण भागातील गुणवान मुलांना उत्तम निवासी शिक्षण मिळावे या हेतूने १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपले अमरावती येथे केंद्र सरकारची पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली आणि पुढे ती बहुतेक सगळ्या राज्यांत पोहोचली. प्रत्येक विद्यालयात त्या जिल्ह्यातील पाचवीच्या मुलांमधून जास्तीत जास्त ८० मुले सहावीत घेतली जातात. त्यात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींना असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा शिक्षक म्हणून मला या योजनेविषयी आदरच आहे.

माझा आक्षेप प्रश्नपत्रिकेवर नाही. प्रश्नपत्रिका हातात पडण्यापूर्वीच एक निवड होऊन गेलेली असते, आणि ती कोणी करत नसल्यामुळे तिचा जाब कोणालाच विचारता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. अर्ज पावसाळ्यात ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी मुलाचा फोटो, मुलाची व पालकाची सही आणि मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे त्या दिवसांत नवोदय नावाची गोष्ट ठाऊक असलेले, सेवा केंद्रापर्यंत जाऊ शकणारे आणि आपले मूल तिथे शोभेल असे वाटणारे एक मोठे माणूस घरात असावे लागते. ज्या घरात असे माणूस नाही, त्या घरातील मूल कितीही चलाख असले तरी ते नापास होत नाही, कारण ते मोजलेच जात नाही.

यात परीक्षेच्या तारखेची भर पडते. २०२४ ची परीक्षा २० जानेवारीला झाली, २०२५ ची १८ जानेवारीला, आणि त्यानंतरची १३ डिसेंबर २०२५ रोजी. या तिन्ही तारखा साखर कारखान्यांच्या ऐन गळीत हंगामातल्या आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर बाहेर पडतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. आईबापांबरोबर गेलेले पाचवीचे मूल त्या शनिवारी सांगली-कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर असते आणि त्याचे केंद्र असते त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते. पाचवीत पुन्हा बसून दुसरी संधी घेण्याची मुभा नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की अर्जाची अटच काढून टाकावी. दिवाळीच्या सुटीपूर्वी, शाळेच्या नेहमीच्या दिवशी, जिल्ह्यातील पाचवीच्या प्रत्येक मुलाची एक छोटी आकृतिप्रधान चाचणी त्याच्याच शाळेत घ्यावी. तिच्यात चमकलेल्या मुलांना मुख्य परीक्षेला बोलावणे ही शासनाची जबाबदारी असावी, पालकांची नव्हे.

जुना नवोदयी

सर, आपल्या तळमळीविषयी शंका नाही, पण आपण सुचवलेला उपाय मूळ दुखण्यापेक्षा महागात पडेल. मी शेतमजुराचा मुलगा आहे. माझ्या गावात पोलीस पाटलापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत प्रत्येक कामात ‘कोणाचा रे तू?’ हा प्रश्न पहिला येत असे. तो प्रश्न ज्या एकाच ठिकाणी कोणी विचारला नाही ते ठिकाण म्हणजे परीक्षेचा हॉल. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला आडनाव वाचता येत नाही, आणि गरिबाच्या मुलासाठी याहून मोठे संरक्षण मला तरी दिसत नाही.

आपली छोटी चाचणी मुलाच्याच शाळेत, त्याच्याच गुरुजींच्या देखरेखीखाली होणार. त्या गुरुजींच्या मागे निवडणुकीची कामे आहेत, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, आणि गावातील वजनदार मंडळींशी रोजचे संबंधही आहेत. कोणाचे मूल वर सरकवले जाईल हे आपण दोघेही जाणतो. तारखेचा मुद्दा मात्र खरा आहे, पण त्यावर तारीख बदलणे हा सरळ उपाय आहे. स्थलांतरित मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती नीट चालली तर ते मूल परीक्षेच्या दिवशी गावातच असेल. वसतिगृह धड चालत नाही याचा दोष परीक्षेच्या माथी मारू नये.

कागदाची घडी

यंत्राला आडनाव वाचता येत नाही हे मान्य, पण त्याला शिकवणीची फीही वाचता येत नाही. मानसिक क्षमता चाचणीत ४० प्रश्नांना ५० गुण असतात, म्हणजे निम्मी परीक्षा. या प्रश्नांचे प्रकार मोजून दहा, आणि प्रत्येक प्रकाराचे चार प्रश्न: वेगळी आकृती ओळखा, आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, मोठ्या आकृतीत लपलेली आकृती शोधा, इत्यादी. दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. तालुक्याच्या गावातील क्लासमध्ये तिसरीपासून हे दहा साचे घोटलेले मूल आणि घडीचा कागद परीक्षेतच पहिल्यांदा पाहणारे मूल यांच्यात जो फरक दिसतो, त्याला बुद्धीतील फरक म्हणणे मला धाडसाचे वाटते. ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी खेड्यातील शाळेत शिकण्याची अट आहे. नाव खेड्याच्या पटावर आणि मूल शहरातील निवासी क्लासमध्ये, अशा तक्रारी दरवर्षी का येतात याचाही जुन्या नवोदयींनी विचार करावा.

सिपना काठ

मेळघाटातून एक वेगळी बाजू मांडते. आकृत्यांना भाषा लागत नाही, म्हणून आमच्या कोरकू मुलांना तो भाग त्यातल्या त्यात सोयीचा आहे आणि सराव मिळाला तर ती त्यात मागे राहत नाहीत. अडते ते पुढे. भाषेच्या २० प्रश्नांना २५ गुण आहेत आणि ते उताऱ्यांवर आधारलेले असतात. परीक्षा गारो, खासी, मिझो या भाषांमधून देता येते ही चांगलीच गोष्ट आहे, पण कोरकू आणि गोंडी त्या यादीत नाहीत. घरी कोरकू बोलणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीचे मराठी उतारावाचन आणि पुण्याजवळच्या खेड्यातील मराठी घरातल्या मुलीचे उतारावाचन यांना आपण गुणवत्तेचे एकच माप लावतो. शिवारपाटी सरांची पहिली चाळणी केवळ आकृत्यांची असेल तर मला ती हवी आहे. मुख्य परीक्षा आहे तशीच राहणार असेल, तर आमच्या मुलींना दारापर्यंत आणून परत पाठवण्यासारखे होईल.

शिवारपाटी

ताई, आपला आक्षेप रास्त आहे. मुख्य परीक्षेतील भाषेचा भार कमी करावा असेच मलाही वाटते.

जुना नवोदयी यांनी उपाय महाग पडेल असे म्हटले आहे, तर एक घडलेले उदाहरण देतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाचा मोठा शालेय जिल्हा आहे. तेथे विशेष बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठी कोणाची तपासणी करायची हे पालक आणि शिक्षक यांच्या शिफारशीवर ठरत असे. २००५ मध्ये त्यांनी दुसरीतील प्रत्येक मुलाला शब्दविरहित चाचणी देण्यास सुरुवात केली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि गरीब घरांतील निवडलेल्या मुलांची संख्या लक्षणीय वाढल्याचे आढळले. ही मुले आधीही पात्र होती, केवळ त्यांचे नाव कोणी पुढे केले नव्हते. पुढे आर्थिक मंदीनंतरच्या काटकसरीत ती चाचणी बंद झाली आणि तफावत परत आली. शिफारस तिथली असो वा अर्ज इथला, दोन्हींत मुलाच्या वतीने बोलणारे कोणी तरी लागते, आणि नेमके तेच गरिबाकडे नसते.

जुना नवोदयी

त्या उदाहरणाची उरलेली बाजूही सांगायला हवी. फ्लोरिडात सर्वसाधारण मुलांना १३० बुद्ध्यंक लागत असे, तर गरीब किंवा इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना ११६ पुरत असे. म्हणजे तिथे सर्वांना चाचणी दिली एवढेच नव्हते, दाराची उंचीही वेगळी होती. शिवाय पहिल्या चाचणीनंतर मानसशास्त्रज्ञ एकेका मुलाला समोर बसवून तपासत असत. आपल्याकडे एका जिल्ह्यातील पाचवीच्या सगळ्या मुलांसाठी इतकी माणसे कोठून आणणार?

कागदाची घडी

ती सवलतीची रेषा २००५ च्या आधीही होती, आणि तरीही मुले सापडत नव्हती. दार बुटके करून भागले नाही, बोलावणे पाठवावे लागले. मनुष्यबळाचा प्रश्न मात्र खरा आहे. माझ्या मते पहिल्या चाळणीच्या दिवशी शेजारच्या केंद्रातील (म्हणजे शेजारच्या शाळागटातील) शिक्षकांची अदलाबदल करावी आणि उत्तरपत्रिका यंत्रानेच तपासाव्यात. राज्याच्या शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत ३०० पैकी १०० गुणांची बुद्धिमत्ता चाचणी असतेच, म्हणजे राज्याच्या परीक्षा परिषदेला असे प्रश्न काढण्याची सवय आहे. दरवर्षी दहापैकी दोन-तीन साचे बदलले, तर क्लासवाल्यांचे गणितही थोडे बिघडेल.

गावठाण शाळा

या चर्चेत सगळे ८० मुलांविषयीच बोलत आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलांची चाळणी करण्यास मनाई आहे, आणि शासन स्वतः मात्र त्याच वयाच्या मुलांची चाळणी करून त्यातील मूठभरांना चांगले वसतिगृह, प्रयोगशाळा आणि प्रत्येक विषयाला शिक्षक देते. आमच्या शाळेत दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात. वर्गातली जी एक-दोन मुले इतरांना समजावून सांगतात, तीच तुम्ही उचलून नेणार आणि निवड अधिक अचूक केली म्हणून समाधान मानणार. चाळणीची भोके बारीक करण्याआधी तिच्यातून खाली पडणाऱ्यांचे काय करायचे ते कोणी बोलेल का?

शिवारपाटी

आपल्याकडे दोन शिक्षक आणि पाच वर्ग आहेत, माझ्याकडेही तेच आहे. त्याविरुद्ध भांडलेच पाहिजे, आणि त्या भांडणात मी आपल्याबरोबर आहे. परंतु माझ्या वर्गातील जी मुलगी मनातल्या मनात वजनकाट्याची पावती तपासते आणि मुकादमाची चूक बापाला दाखवते, तिला ‘आधी सगळ्या शाळा सुधारू देत, मग बघू’ असे मी सांगू शकत नाही. तिची पाचवी एकदाच येणार आहे. निवड बंद करायची की नाही हा वाद मोठा आहे आणि तो चालू राहो. निवड चालू आहे तोवर तिचे नाव यादीत यावे, आणि त्यासाठी दिवाळीपूर्वी, ती गावात असताना, शासनाने तिच्यासमोर कागद ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे.

जुना नवोदयी

दिवाळीपूर्वीची तारीख आणि बाहेरच्या केंद्रातील पर्यवेक्षक या दोन गोष्टींना माझा पाठिंबा. शाळेने नावे सुचवण्याला मात्र कोणत्याही रूपात माझा विरोध कायम राहील. चाचणी घ्यायची असेल तर पटावरच्या प्रत्येक मुलाची घ्यावी आणि त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी कारणासह जाहीर करावी.