मदत हवी आहे: स्लो कुकरमधलं बीफ रोस्ट, भाज्या आणि ग्रेव्ही

बीफ रोस्टचं पूर्ण जेवण स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं) करायचं आहे. मांस, बटाटे, गाजरं, ग्रेव्ही, सगळं एकाच भांड्यात. अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.

तुकडा खांद्याचा आहे, दीड किलोच्या आसपास. या भागात कोलॅजन (मांसातलं चिवट प्रथिन) भरपूर, ते विरघळायला वेळ लागतो, म्हणून 'लो'वर 8 तास ठेवणार. आधी कढईत सगळ्या बाजूंनी खरपूस परतून घेईन. तो रंग आणि स्वाद कुकरच्या ओलसर उष्णतेत येत नाही.

खरी अडचण भाज्यांची. कंदमुळं मांसापेक्षा सावकाश शिजतात म्हणून तळाशी घालतात, हे माहीत आहे. पण 8 तासांत गाजरांचा लगदा तर होणार नाही ना? मोठे तुकडे पुरतील, की अर्ध्या वेळेनंतर घालू? मध्येच झाकण उघडलं की वाफ जाते आणि वेळ वाढतो, त्यामुळे ते शक्यतो टाळायचंय.

आणि ग्रेव्ही! या भांड्यात पाणी फारसं आटत नाही. एक कप स्टॉक (मांस-हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) पुरेल का? शेवटी कॉर्नफ्लोअर लावू, की रस काढून गॅसवर आटवू?

जेवायला वयस्कर माणसं आहेत, मांस अगदी मऊ हवं.