सॅट ऑगस्टला की ऑक्टोबरला? १ नोव्हेंबरचं गणित जमेना

गच्चीवरची
लेक इथे अमेरिकेत ज्युनिअर इयर (अकरावी) संपवतेय. मार्चमध्ये पहिली सॅट (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) दिली, १६०० पैकी १४१० आले. मेमध्ये एपीच्या (कॉलेज पातळीच्या विषयांच्या) परीक्षा होत्या म्हणून सोडली, जूनला फायनल्स म्हणून नको म्हणाली. आता म्हणते ऑगस्टलाही नको, सुट्टीत अभ्यास होत नाही, शाळा सुरू झाली की लय लागते, ऑक्टोबरला देते. ईडीची, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर करायच्या अर्ली डिसिजन अर्जाची, डेडलाइन १ नोव्हेंबर. निकाल साधारण दोन आठवड्यांत येतो म्हणजे बसतं तसं, पण ऑक्टोबर बिघडली तर हातात काय राहणार? नोव्हेंबरची टेस्ट अर्लीला चालते का, त्यावर जो तो वेगळंच सांगतोय.

दोन पोरांची आई
ऑक्टोबर राखीव ठेवा हो, तिच्या भरवशावर राहू नका. मोठ्याच्या वेळी आम्ही नेमकं हेच केलं. शनिवारी सकाळी टेस्ट आणि शुक्रवारी रात्री साडेअकराला हा डायनिंग टेबलवर कॉमन अ‍ॅपच्या (बऱ्याच कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज) एसेमधले ऐंशी शब्द कापत बसलेला, कारण मर्यादा ६५० ची आणि शाळेच्या काउन्सेलरला सोमवारी ड्राफ्ट हवा होता, प्रत्येक कॉलेजचे वेगळे सप्लिमेंटल एसे तर अजून उघडलेही नव्हते. स्कोअर आला तो आधीपेक्षा २० ने कमी. धाकटीला मग ऑगस्टलाच बसवलं. निकाल सप्टेंबरात हातात आला की ईडी कुठे टाकायची ते तरी शांतपणे ठरवता येतं, कारण ती बाइंडिंग, लागलं की जायचंच. फक्त सीट लवकर धरा, आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो, जवळची सेंटरं फुल झालेली, दोन तास गाडी मारत गेलो होतो.

रात्रपाळी
नोव्हेंबरची टेस्ट बहुतेक वर्षी १ तारीख उलटल्यावरच असते, म्हणजे अर्ज गेल्यावर. तरी काही कॉलेजं ती अर्लीला धरतात, काही ऑक्टोबरवर थांबतात. अ‍ॅडमिशनच्या पानावर 'शेवटची चालणारी टेस्ट' लिहिलेली असते तीच खरी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ नका.

त्याआधी यादीतल्या कुणाला स्कोअर हवाय ते बघा. यूसी आणि कॅल स्टेट ही कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तर स्कोअर बघतच नाहीत. उलट एमआयटीने २०२२ मध्ये टेस्ट परत सक्तीची केली, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये तसं जाहीर केलं. आणि १४१० ची फोड काय? बरीच कॉलेजं सुपरस्कोअर करतात, एका टेस्टचं मॅथ नि दुसरीचं रीडिंग जोडून घेतात.

गच्चीवरची
मॅथ ७६०, रीडिंग-रायटिंग ६५०. हे जोडून घेतात हे डोक्यातच नव्हतं! आणि गंमत म्हणजे मार्चमध्ये ती मॅथवरच रडत बाहेर आली होती, पेपरचा दुसरा भाग, म्हणजे दुसरं मॉड्यूल, भयंकर होतं म्हणून.

आत्ताच सुटलेला
काकू, मी सध्या कॉलेजात फ्रेशमन (पहिल्या वर्षाला) आहे. दुसरं मॉड्यूल अवघड आलं म्हणजे पहिलं चांगलं गेलं, टेस्टच तशी अ‍ॅडाप्टिव्ह आहे, सोपं आलं असतं तर काळजी करायची. आता तिला मॅथ सोडून द्यायला सांगा, ७६० पुरे आहेत. रीडिंगला ६४ मिनिटांत ५४ प्रश्न, पॅसेज छोटे आणि प्रत्येकावर एकच प्रश्न. माझे तरी ग्रामरचे, म्हणजे कॉमा-सेमीकोलनचे, सगळ्यात आधी सुधारले, नियम मोजकेच आहेत. ब्लूबुकमधल्या (सॅटचं अधिकृत अ‍ॅप) फुल टेस्ट जूनमध्येच फस्त करू नये, दोन-तीन ऑगस्टसाठी ठेवाव्यात, मी सगळ्या संपवून बसलो होतो. ऑगस्ट बिघडलीच तर बहुतेक ठिकाणी तो स्कोअर पाठवायची सक्ती नसते, मोजकी कॉलेजं सगळे मागतात तेवढी बघून घ्या. मग ऑक्टोबर आहेच.

एसेचा पहिला ड्राफ्ट मात्र जुलैतच.

गच्चीवरची
ऑगस्टची सीट धरली. सेंटर पावणेदोन तासांवर मिळालं, लेक कालपासून बोलत नाहीये. पहाटे साडेपाचला निघायचंय हे अजून सांगितलेलं नाही.