जुनी मोटरहोम घ्यावी का? (आईचे गुडघे आणि माझी हौस)

लातूरचा_येडा
मंडळी सल्ला पाहिजे, तोंडदेखला नको. बंगळूरला एक मोटरहोम विकायला आहे, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, 2017 चं मॉडेल म्हणजे बीएस फोर (धुराचा जुना नियम), 86 हजार किलोमीटर पळालेली. चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रिज, टपावर सोलर, मागं संडास-बाथरूम. साडेअकरा लाख म्हणतोय, दहापर्यंत येईल असं वाटतंय. मी मार्चमध्ये रिटायर होतोय, बायकोला फिरायची हौस आहे, पण खरं कारण आई. वय 76, दोन्ही गुडघे गेलेत, खाली बसताच येत नाही. मागच्या वर्षी माहूरला निघालो तर सकाळपासून घोटभर पाणी पिली नाही, का तर रस्त्यात जायचं कुठं. नांदेड यायच्या आधीच चक्कर आली. तेव्हापासून डोक्यात बसलंय की संडास सोबतच पाहिजे. पोरगा म्हणतो बाबा येडे झालेत, म्हणून हे नाव घेतलंय.

डिझेलवाला_जालना
पोरगा बरोबर बोलायलाय. वर्षात किती दिवस फिरणार ते आधी कागदावर लिहा काका. दहा लाख एफडीत टाकले तर सात टक्क्यानं सत्तर हजार येतात, ते गेले. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, बॅटऱ्या मिळून वर्षाला अजून साठ-सत्तर धरा. पहिल्या वर्षी उत्साहात 25 दिवस फिराल, म्हणजे डिझेल न टाकता दिवसाला पाच-साडेपाच हजार पडले. तेवढ्यात कमोडवाल्या दोन रूम मिळतात आणि चादरी दुसरं कोणी धुतं. दुसऱ्या वर्षी दहा दिवस, तिसऱ्या वर्षी गाडीत कांदे ठेवाल.

नाथसागरकाठी
रूमचं गणित बरोबर आहे हो दादा पण प्रश्न रूमचा नाहीच आहे, प्रश्न रस्त्याचा आहे. लातूर ते वेरूळ पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, मधल्या पंपावर संडासाला कुलूप, किल्ली मालकाकडं, मालक जेवायला गेलेला. हे तुम्हा पुरुषांना कधी दिसत नाही कारण तुमची गाडी कुठल्याही लिंबाखाली थांबते. आम्ही बायका निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतो, मी 31 वर्षं शाळेच्या सहली नेल्या, प्रत्येक सहलीत हेच. आजींना दिवसभर नीट पाणी पिता येत असेल तर ते साडेपाच हजार मला तरी जास्त वाटत नाहीत.

बालाघाटी
मला या सगळ्या प्रकाराची गंमत वाटते. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की गावच्या गावं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून साखर कारखान्याला ऊस तोडायला जातात, पत्र्याची पेटी, पीठ, लेकरं, शेळी सगळं एकातच, पाच-सहा महिने कोपीत म्हणजे झोपडीत काढतात. त्यांना कोणी हौशी म्हणत नाही. आणि इकडं माणूस पक्कं घर सोडून दहा लाख देऊन चाकावर झोपायला निघालाय. काका राग मानू नका, पण चाकावरचा संसार जवळून बघितलेला माणूस तो विकत घेणार नाही.

नाथसागरकाठी
बालाघाटी भाऊ, ऊसतोडीची तुलना इथं आणू नका, तो पोटाचा प्रवास आहे. त्यापेक्षा दिंडीतला ट्रक बघा की. धान्य, सिलेंडर, राहुट्या, म्हाताऱ्या माणसांची जागा, सगळं त्यात. आमच्या दिंडीत पाय सुजलेली आजी ट्रकात बसूनच पंढरपूरला पोचते आणि तिची वारी कोणी कमी धरत नाही.

बालाघाटी
ट्रक दिंडीचा असतो, एकट्याच्या दारात वर्षभर उभा नसतो. ठीक आहे, पुढं बोला.

आरसीबुक
हौस-बिऊस बाजूला ठेवा, कागद बघा. माझा जुन्या गाड्यांचा धंदा आहे त्यामुळं हे रोजचंच. आरसीवर वाहनाचा वर्ग काय लिहिलाय? ‘मोटर कॅराव्हॅन’ असा वेगळा वर्ग असतो आणि अशा गाड्यांसाठी एआयएस 124 हे वेगळं मानक आहे. बऱ्याच ‘मोटरहोम’ म्हणजे पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याच्या धंद्यातली, मिनीबस घेऊन शेडमध्ये सीट काढून प्लाय ठोकलेल्या असतात, आरसीवर अजून सीटांची बसच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं मूळ रचनेत असा बदल करायला मंजुरी लागते आणि तो आरसीवर चढवावा लागतो. चढवला नसेल तर अडवणूक राहू द्या, आग लागली किंवा अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिला तेच काढतो. आणि पिवळी पाटी असेल तर आठ वर्षं झाल्यावर दरवर्षी फिटनेसला उभी करा.
दुसरं, गाडी कर्नाटकची. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथं नव्यानं टॅक्स, तिकडचा उरलेला टॅक्स परत मागायचा तर वेगळा अर्ज आणि वेगळे हेलपाटे. बँकेचा बोजा उतरलाय का तेही बघा. लायसनची काळजी नको, साडेसात टनाच्या आतली गाडी साध्या एलएमव्हीवर म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालते.

लातूरचा_येडा
आरसीचा फोटो मागितला तर म्हणाला गाडी बघायला या, कागद समोर दाखवतो.

आरसीबुक
मग झालंच की ओ.

खामकाठचा
मी घेतलीय जुनी. तीन वर्षं झाली, छत्रपती संभाजीनगरात दारात उभी आहे, म्हणून दोन्ही बाजूनं बोलतो.
घेताना मी फसलो ते पाण्यानं. बघायला गेलो तेव्हा आत चकाचक, नवीन पडदे, उदबत्तीचा वास. तो वास ओलीचा वास झाकायला होता हे मला पहिल्या पावसात कळलं. सिंकखालच्या कपाटाचा मागचा प्लाय अंगठ्यानं दाबला तर अंगठा आत गेला, ओल्या बिस्किटात जातो तसा. टपावर सोलरचे स्टँड बसवताना पाडलेल्या भोकांतून दोन-तीन पावसाळे पाणी आत मुरत होतं, खाली पत्रा गंजलेला. 85 हजार गेले त्यात. तुम्ही जाल तेव्हा कडेचे कोपरे, खिडकीखाली, बाथरूमच्या बाहेरचा प्लाय, सगळीकडं अंगठा दाबत जा, लाजू नका. जिथं नवीन सिलिकॉन दिसेल तिथं जास्त दाबा. टायरची नक्षी बघून भुलू नका, बाजूला चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. या गाड्या पळतात कमी उभ्या जास्त राहतात, नक्षी शाबूत आणि रबर तडकलेलं.
आता दुसरी बाजू. गेल्या डिसेंबरात औंढा नागनाथ आणि परळी एका फेरीत केली, सासूबाई 80 च्या, एकदाही कुरकुर नाही. सकाळी दार उघडून तुरीच्या रानाकडं तोंड करून चहा प्यायल्या, म्हणाल्या माझं माहेर असंच होतं.

डिझेलवाला_जालना
डिसेंबरात. मे महिन्यात सांगा की, 42 डिग्रीला पत्र्याचा डबा. आणि एसीचं म्हणाल तर साधा हिशोब बघा. 12 व्होल्टची 150 एएचची बॅटरी म्हणजे 1800 वॅट-अवर, जुन्या पद्धतीची लेड ॲसिड असेल तर निम्मीच वापरायची, राहिले 900. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास खातो. म्हणजे सासूबाई झोपायच्या आधीच बॅटरी झोपली. मग जनरेटर लावा आणि शेजारच्या ढाब्यावरच्या शिव्या खा.

खामकाठचा
खरंय, मार्च ते जून आमची उभीच असते. खोटं कामून बोलू.

बालाघाटी
आणि पाणी? दोनशे लिटरची टाकी म्हणजे मागच्या चाकावर दोनशे किलो, ती भरायची कुठून? ज्या लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या लातूरचा माणूस उन्हाळ्यात कुणाच्या दारात पाइप मागणार? आणि ती संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढायची मैल्याची टाकी, तीन माणसांत दोन दिवसांत भरते, ती उपसायची कुठं? ओढ्यात ना?

खामकाठचा
ओढ्यात नाही हो. लॉजवाल्याला किंवा पंपवाल्याला विचारून त्यांच्या संडासात, वरून दोन बादल्या पाणी आणि माणसाच्या हातात शंभर रुपये. आपल्याकडं त्यासाठी वेगळी सोय मला तरी कुठं दिसली नाही, राज्यानं 2021 ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तरी. हे काम घरातलं कोण करणार ते घ्यायच्या आधी ठरवा, भांडणं इथंच होतात.

आरसीबुक
अजून एक, गाडी दारापर्यंत जाईल असं धरू नका. अजिंठ्याला फर्दापूरच्या अलीकडं फाट्यावर उभी करायची, पुढं चार किलोमीटर एसटीच्या बसनं, मग पायऱ्या. वेरूळला कैलास लेणं बरंच जवळ पडतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

डिझेलवाला_जालना
काका एक स्वस्तातलं सांगू का. मेडिकलच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, खाली भांडं असतं. सात सीटच्या गाडीची मागची सीट काढा, पडदा लावा, खुर्ची ठेवा. दहा लाख वाचले.

लातूरचा_येडा
डिझेलवाले दादा, तुमचं वाचून काल रात्री आईला विचारलं. ती म्हणाली पडदा लावून, तुम्ही सगळे पुढं बसलेले असताना? मी काय पेशंट आहे का. आणि उठून आत गेली. मला वाटतं मी आधी तिलाच विचारायला पाहिजे होतं.

नाथसागरकाठी
हेच म्हणत होते मी.

लातूरचा_येडा
अपडेट. बंगळूरवाल्यानं शेवटी आरसीचा फोटो पाठवला, वर्ग ‘बस’, सीट 13. विचारलं तर म्हणे सर कोई नहीं पूछता. नाद सोडला. त्याच्याऐवजी पुण्याहून तशीच एक गाडी चार दिवस भाड्यानं घेतोय जानेवारीत, औंढा, परळी, येताना अंबाजोगाईला योगेश्वरी. आईला जमलं तर पुढचं बघू. पोरगा पण येतो म्हणालाय, कॅसेट तो उपसणार नाही एवढीच अट. आई विचारायलीय की त्या गाडीत देव कुठं ठेवायचे.

खामकाठचा
ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवा, पण खाली दुहेरी चिकटपट्टी लावा. आमचा बाळकृष्ण जिंतूरच्या अलीकडं एका गतिरोधकावर भाजीत पडला होता.

डिझेलवाला_जालना
भाड्याची असली तरी टायरचा नंबर बघूनच बसा.