व्हर्टस 1.5 की व्हर्ना टर्बो? कागदावर दोघी सारख्याच, मग ठरवायचं कशावर?

उजवी_लेन:

नमस्कार मंडळी. जुनी हॅचबॅक विकायला काढली आहे आणि आता सेडान घ्यायची हे पक्कं आहे. एसयूव्ही घ्या असं सांगायला कृपया कुणी येऊ नका, ते घरी रोज ऐकतो. नावं गाळत गाळत दोनांवर आलोय: फोक्सवॅगन व्हर्टस 1.5 टीएसआय आणि ह्युंदाई व्हर्ना 1.5 टर्बो.

माहितीपत्रकं शेजारी ठेवून बसलो की डोकं चालेनासं होतं. व्हर्टसची ताकद 150 पीएस आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा खेचण्याचा जोर, 250 एनएम; व्हर्ना 160 आणि 253. डिकी 521 लिटर, दुसरीची 528. व्हीलबेस 2651 मिमी, दुसरीचा 2670. दोघींना सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो, दोघींना सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक मिळते. टायरसुद्धा एकाच मापाचे, 205/55 आर16. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तारे दोघींना पाच. भांडायला जागाच ठेवली नाही.

माझ्याबद्दल: उंची सहा फुटांच्या वर, हायवेवर एकट्याने बरंच चालवतो आणि शक्यतो रात्री निघतो. आई असली की ती मागे बसते, तिचे गुडघे दुखतात. बायकोला ऑटोमॅटिक हवी, मला मॅन्युअल. हा वाद आमचा आम्ही मिटवू, पण मतं सांगा.

टेस्ट ड्राइव्ह दोन्हींची झाली, पण तिला ड्राइव्ह म्हणायचं का हा प्रश्नच आहे. शेजारी बसलेला मुलगा सनरूफबद्दल बोलत राहिला आणि तिसरा गिअर नीट पडायच्या आत आम्ही परत आलो. चालवायला मजा कशात जास्त आणि ते कसं तपासायचं, एवढंच विचारतोय.

सुसाट:

व्हर्ना. 160 म्हणजे 160. विषय संपला.

दहाचा_पाना:

सुसाट भाऊ, विषय आत्ता सुरू होतोय. 160 आहेत हे खरं, पण ते कुठे मिळतात?

या दोन्ही इंजिनांचा टॉर्क 1500-1600 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पूर्ण येतो आणि 3500 पर्यंत सपाट राहतो. त्या पट्ट्यात 250 आणि 253 मधला फरक तुमच्याच काय, कुणाच्याही पायाला कळणार नाही. टॉर्क गुणिले आरपीएम असा हिशेब मांडला तर 3500 ला व्हर्टस साधारण 125 पीएस देते आणि व्हर्ना 126. ट्रकच्या मागून बाहेर पडताना आपण बहुतेक वेळा याच पट्ट्यात असतो. ते दहा पीएस दिसतात 5000 च्या आसपास आणि त्याच्या वर. तिथे रोज जाणारे लोक असतात, त्यांनी खुशाल व्हर्ना घ्यावी. बाकीच्यांनी आकड्यांची वही मिटवावी.

मी सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं काम करतो, त्यामुळे गाडी आधी खालून बघायची सवय आहे. खालून या दोघी बहिणी आहेत. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं, मागे टॉर्शन बीम, ओढणारी चाकं पुढची. फरक आहे तो जुळवणीत. व्हर्टस जरा घट्ट बसवलेली आहे. हळू वेगात छोटे खड्डे ती तुम्हाला कळवते, पण वेग वाढला की रस्त्याला चिकटते आणि वळणात कमी कलते. व्हर्नाचं स्टिअरिंग हलकं आहे. गल्लीत आणि पार्किंगमध्ये ते सुखाचं वाटतं, पण वेगात वळताना मला हाताला थोडं जास्त वजन हवं असतं. हे माझं मत. ज्याला दिवसभर गर्दीतून चालवायचं आहे त्याला उलटं वाटेल आणि त्याचंही बरोबरच असेल.

आता ते तपासायचं कसं. सनरूफवाल्या मुलाला नम्रपणे मागे बसवा. रेडिओ बंद, एसी चालू. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर. आठवडाभराच्या अंतराने चालवलेल्या गाड्यांची तुलना होत नाही, तेव्हा आपण आठवणी एकमेकींशी ताडून बघत असतो. आणि निघण्याआधी टायरची हवा बघा. ड्रायव्हरच्या दाराजवळ किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकरवर आकडा असतो. शोरूमच्या गाडीत हवा जास्त असली तर चांगलं सस्पेन्शनही लाकडासारखं वाटतं, कमी असली तर स्टिअरिंग आळशी होतं. खिशात साधं गेज ठेवलं तर अर्ध्या चुका तिथेच टळतात. टायर कोणत्या कंपनीचे आहेत तेही बघा, दोन गाड्यांतला निम्मा आवाज टायरचाच असू शकतो.

मग तिसऱ्या गिअरमध्ये 40 ला गाडी स्थिर करा आणि पाय पूर्ण दाबा. किती वेळात 80 झाले ते महत्त्वाचं नाही. पाय दाबल्यापासून गाडी जागी होईपर्यंतचा तो क्षण महत्त्वाचा, कारण ओव्हरटेक करताना विश्वास ठेवायचा असतो तो त्याच्यावर. त्यानंतर सरळ, मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर द्या आणि स्टिअरिंग हलकंच धरा. 250 एनएम पुढच्या दोन चाकांतून उतरवले की हाताला ओढ लागते. कुठलीत किती लागते ते तुमच्या हातांनाच कळू दे.

सगळ्यात उपयोगाची जागा म्हणजे वळणातच डांबर उखडलंय असा तुकडा. टॉर्शन बीममध्ये मागची दोन चाकं एकमेकांना बांधलेली असतात. एक चाक उडालं की दुसऱ्याला बातमी जाते आणि गाडीचा मागचा भाग किंचित सरकल्यासारखा वाटतो. त्या तुकड्यावर ज्या गाडीत तुमचे हात आपोआप घट्ट झाले नाहीत, ती तुमची गाडी. असा तुकडा शोरूमच्या मागच्या गल्लीत मिळणार नाही, त्यामुळे रस्ता तुम्ही आधी ठरवून जा.

ब्रेकचं थोडक्यात. व्हर्टसला मागे ड्रम आहेत, व्हर्ना टर्बोच्या वरच्या व्हेरिएंटला मागेही डिस्क. एकदा कचकन थांबायला बरंचसं काम पुढचेच करतात, तिथे फार फरक नाही. लांबच्या उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक लागतात तेव्हा डिस्क लवकर थंड होते, हा व्हर्नाचा खरा फायदा. आणि पुढच्या ब्रेकचे लाल कॅलिपर बघून हुरळू नका. रंगाने गाडी लवकर थांबत नाही.

तुम्ही रात्री चालवता म्हणता, तर टेस्ट ड्राइव्ह दिवे लागल्यावर मागा. हे कुणीच मागत नाही. उजेड किती पुढे पडतो यापेक्षा वळणावर कडेला किती पडतो ते बघा.

मागची_सीट:

मी गाडी चालवत नाही, आयुष्यभर मागे बसते, म्हणून हा प्रतिसाद.

दादा, तुमच्या आईंना सोबत न्या आणि तुमची सीट तुमच्या उंचीला लावून मग त्यांना मागे बसवा. विक्रेता पुढची सीट पुढे सरकवून ठेवतो आणि मागे मैदान असल्याचं दाखवतो. पाय पसरायला व्हर्नामध्ये मागे भरपूर जागा आहे, त्यात वाद नाही. पण तिचं छप्पर मागे उतरत जातं, त्यामुळे आत शिरताना मान खाली घालावी लागते आणि उंच माणसाचं डोकं वर टेकतं. तुमच्यासारखं कुणी मागे बसणार असेल तर हे आधी बघा. व्हर्टसमध्ये डोक्याला बरं, पण मधल्या माणसाच्या पायात मोठा उंचवटा येतो. तिघं मागे बसणार असतील तर मधला रुसणार.

गुडघेदुखीला बसणं अवघड नसतं, उठणं असतं. दोन्ही गाड्या खाली आहेत. आईंना आधी पाठमोरं बसू द्या, मग दोन्ही पाय एकदम आत. उतरताना उलट. हे दोन्ही गाड्यांत करून बघा, दार किती उघडतं आणि धरायला काय आहे ते पाहा. आणि त्यांना लगेच विचारू नका. थोडा वेळ गाडीत बसू द्या, मग विचारा. आया पहिल्यांदा "छान आहे"च म्हणतात.

काटेकोर:

सुरक्षेचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. तारे दोघींना पाच हे बरोबर, पण अहवाल ताऱ्यांच्या खालीही वाचायचा असतो. दोन्ही निकाल 2023 चे. मोठ्यांच्या सुरक्षेत व्हर्टसला 34 पैकी 29.71 गुण, व्हर्नाला 28.18. हा फरक छोटा आहे. मोठा फरक पुढच्या ओळीत: 64 किमी वेगाच्या समोरच्या धडकेनंतर व्हर्टसचा सांगाडा स्थिर नोंदवला गेला, व्हर्नाचा अस्थिर. म्हणजे त्याहून जास्त भार आला तर तो पेलण्याची क्षमता उरलेली नाही, असा अर्थ. माझ्यासाठी निवड इथेच संपते.

सुसाट:

आणि धडक होऊच नये म्हणून व्हर्नाच्या वरच्या व्हेरिएंटला रडार, कॅमेरा, आपोआप लागणारा ब्रेक असं सगळं आहे, ते व्हर्टसमध्ये नाही. तेही सुरक्षेतच येतं ना? रात्री एकटा चालवणाऱ्या माणसाला समोरचा दिवे नसलेला ट्रॅक्टर गाडीने आधी ओळखला तर सांगाडा तपासायची वेळच येणार नाही.

काटेकोर:

येतं, मान्य. पण समोरून चुकीच्या बाजूने येणाऱ्यापुढे तुमचा आपोआप ब्रेक किती करणार? सांगाडा मात्र दर वेळी सोबत असतो. मी माझा क्रम सांगितला, तुमचा वेगळा असू शकतो.

उजवी_लेन:

भरपूर मिळालं, आभार. पाना दादा, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तिचं म्हणणं एकच: तो गिअर बदलत बसेल आणि गर्दीत क्लच मी दाबायचा का? तेव्हा ऑटोमॅटिकचं सांगा. या ड्युअल क्लचबद्दल ऐकून भीती वाटते. आणि व्हर्टसमध्ये चालता चालता दोन सिलिंडर बंद होतात म्हणतात, ते झटका देतात का?

दहाचा_पाना:

वहिनींचा मुद्दा रास्त आहे.

दोन्ही गाड्यांच्या ड्युअल क्लच ड्राय प्रकारच्या आहेत. म्हणजे क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या नसतात, हवेवर थंड होतात. वेगात त्या झकास चालतात, गिअर बदललेला कळतही नाही. त्यांचा शत्रू एकच: सरपटणं. मुंगीच्या चालीने पुढे जाताना क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. म्हणून गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून इंच इंच सरकू नका. ब्रेक धरून थांबा, जागा होऊ द्या, मग नीट सोडून पुढे जा. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरणं तर अजिबात नको, ब्रेक दाबा. हे जमलं तर भीतीचं कारण नाही. रोजचा प्रवासच सरपटण्याचा असेल तर मात्र मी विचार करेन.

अशा प्रवासाला टॉर्क कन्व्हर्टर (घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक) बरा पडतो, पण तो व्हर्टसमध्ये 1.0 इंजिनाबरोबर येतो. व्हर्नाला टर्बो नसलेल्या 1.5 बरोबर सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, मिळते. तुम्हाला हवी ती इंजिनं घेतली की मॅन्युअल किंवा ड्युअल क्लच, तिसरा पर्याय नाही. टेस्ट ड्राइव्हला वहिनींना चढावर रिव्हर्समध्ये गाडी लावायला सांगा. हळू रिव्हर्समध्ये ड्युअल क्लच कशी वागते ते त्यांना पटलं तर घ्या. नाही पटलं तर मॅन्युअलचा क्लच किती हलका आहे तेही त्यांनाच ठरवू द्या, तुम्ही नाही.

सिलिंडरचं: भार कमी असला की मधले दोन, म्हणजे दुसरा आणि तिसरा, बंद होतात. उद्देश पेट्रोल वाचवण्याचा. मीटरवर तसं लिहून येतं म्हणून कळतं, नाहीतर फारसं जाणवत नाही. पाय दाबला की चारही परत कामाला.

आणि हो, एक गोष्ट विचारायची राहिलीच होती. तुम्ही जी व्हर्टस चालवलीत ती नक्की 1.5 होती ना? जीटी लाइन नावाचा व्हेरिएंट दिसायला तशीच ऐट दाखवतो, पण आत 1.0 तीन सिलिंडर असतं, 115 पीएस आणि 178 एनएम. व्हर्नाचंही तेच: टर्बो नसलेलं 1.5 इंजिन 115 पीएस आणि 144 एनएमचं. तिसऱ्या गिअरपर्यंतही न पोचलेल्या फेरीत हे कळणं अवघड आहे. पुढच्या वेळी बसण्याआधी बॉनेट उघडायला सांगा आणि कागदावर इंजिन कोणतं लिहिलंय ते वाचा. आणि मॅन्युअल घ्यायची असेल तर मॅन्युअलच चालवा, "गाडी तीच आहे हो, फक्त गिअर वेगळा" या वाक्यावर विश्वास ठेवू नका.